शुश्रूषेचा खर्च आणि मेलेल्याचे घर



पवनीला वैनगंगेच्या घाटावर दूरदूरचे लोक उत्तरकार्यासाठी येतात. घाटावरची क्रिया आटोपते, तेरवी होते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग इतके दिवस कोणी तोंडातून न काढलेली गोष्ट घरात निघते. घर कोणाचे? बांधी कोणी वाहावयाची? आणि म्हातारा तीन वर्षे अंथरुणाला खिळून होता, त्या खर्चाचे काय? एक भाऊ म्हणतो, मी पैसे पाठविले. दुसरा म्हणतो, माझ्या बायकोने हातपाय झिजविले. हा हिशेब कधी आपसांत मिटतो, कधी पंचांपुढे जातो, आणि कधी त्यापायी दोन भावांचे बोलणे जन्माचे बंद होते.

मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो ह्याच हिशेबाचा आहे, मात्र त्यात आणखी एक सावकार उभा राहतो. तो म्हणजे सरकार. म्हाताऱ्या, अपंग किंवा दुर्धर रोगाने पडून राहिलेल्या माणसाच्या शुश्रूषेचा खर्च सरकारने केला, तर तो माणूस मेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीतून तो वसूल करावा काय? काही देशांत तसा कायदा आहे. आपल्याकडे त्याच्या नात्यातला एक कायदा होता, तो गेला. आणि आज जो आहे तो अगदी उलट बाजूने चालत येतो. मी वकील नव्हे. विडी कामगारांच्या आणि विणकरांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले. कायदे वाचणे भाग पडले म्हणून वाचले, आणि ज्याला ते लागू होतात त्याला समजतील अशा भाषेत सांगण्याची सवय लागली, एवढेच.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. औषधोपचार निराळा आणि शुश्रूषा निराळी. मोतीबिंदू काढणे, हाड बसविणे हा उपचार होय. तो होतो आणि संपतो. 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळातील उपचाराचे संरक्षण मिळाले, ते ह्या पहिल्या प्रकारचे. परंतु अर्धांगवायूने पडलेल्या माणसाला रोज न्हाऊ घालणे, भरविणे, दोन-दोन तासांनी कुशीवर वळविणे, त्याची घाण काढणे, हे कोणत्या योजनेत बसते? ते संपत नाही. ते मरणाबरोबरच संपते.

आता त्याची किंमत पाहा. समजा एक बाई दिवसभरासाठी रोजाने ठेवली आणि तिला रोज 400 रुपये दिले. महिन्याचे 12,000 झाले. तीन वर्षांचे 4 लाख 32 हजार. ह्यात रात्र धरलेली नाही. दुसऱ्या बाजूला उत्पन्न मांडा. कामगारांच्या 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत 2014 साली किमान रक्कम महिना 1,000 रुपये ठरली. आयुष्यभर विड्या वळलेल्या कित्येक बायांच्या हाती तेवढीच पडते. श्रावणबाळ योजनेचे व संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 साली 1,500 झाले. पंधराशे आणि बारा हजार ह्यांच्यामधले अंतर आपल्या गावात कोण भरून काढतो? घरातली सून किंवा लेक. तिला रोज कोणी देत नाही, म्हणून हा खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तो नाहीच असे समजून आजवर राज्यकारभार चालला आहे.

जेथे सरकारने ही शुश्रूषा खरोखर अंगावर घेतली, असे एक ठिकाण आपल्या ओळखीचे आहे. नागपूरचे मनोरुग्णालय. ते 1864 सालचे, आणि भंडारा जिल्ह्यातला रोगी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नेला जातो. येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी येथेही अशीच सरकारी रुग्णालये आहेत. माणूस तरुणपणी आत गेला आणि केस पांढरे होईतो आतच राहिला, असे ह्या भिंतींच्या आड पुष्कळ घडले. त्याचा खर्च कोणी द्यावयाचा? 1912 च्या कायद्यात (त्याच्या नावातच ‘वेडे’ हा शब्द होता) असे लिहिले होते की, रोग्याची काही इस्टेट असेल, अथवा त्याला पोसण्यास कायद्याने बांधलेला माणूस ऐपतदार असेल, तर न्यायालयात अर्ज करून तो खर्च इस्टेटीतून किंवा त्या माणसाकडून भरून घेता येईल. 1987 साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, तो 1993 पासून अमलात आला. त्याच्याही 78 ते 80 ह्या कलमांत हीच व्यवस्था राहिली. ज्याला ना इस्टेट ना कोणी ऐपतदार नातलग, त्याचा भार सरकारवर. ही वसुली रोगी जिवंत असतानाची, मेल्यानंतरची नव्हे. पण दोघी बहिणीच.

ह्या जुन्या कायद्याला सरसकट वाईट म्हणण्यास मी तयार नाही. डोळ्यांपुढे आणा: काका रुग्णालयात आहे, त्याच्या वाट्याची चार एकर बांधी पुतण्या वाहतो, धान विकतो, आणि काकाच्या जेवणाचा खर्च ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नाही अशा मजुराने काडेपेटीवर दिलेल्या करातून होतो. हा कोणता न्याय? याज्ञवल्क्याच्या काळापासून आपले धर्मशास्त्र सांगत आले की, जो मृताचे धन घेतो त्याने त्याचे ऋण फेडावे. 2017 च्या नव्या कायद्याने हे प्रकरणच काढून टाकले. दारिद्र्यरेषेखालील, निराधार व बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट मिळण्याचा हक्क त्यात आला, ही मोठी गोष्ट झाली. मात्र बांधी वाहणाऱ्या पुतण्याकडे बोट दाखविणारे जे कलम होते, तेही त्याबरोबर गेले.

आता अमेरिकेकडे वळू, कारण मेल्यानंतरच्या वसुलीचा पुरता संसार तेथे मांडलेला आहे. 1965 साली तेथे दोन योजना निघाल्या. वृद्धांसाठी मेडिकेअर, आणि गरिबांसाठी मेडिकेड. पहिली इस्पितळाचा खर्च देते, परंतु वर्षानुवर्षांची शुश्रूषा देत नाही. ती दुसरी देते. पण ती गरिबांची. म्हणून साधा कामगार म्हातारपणी शुश्रूषागृहात गेला की आधी त्याची शिल्लक संपावी लागते, आणि मग तो ‘गरीब’ ठरून मेडिकेडच्या दारात उभा राहतो. त्याचे राहते घर बहुधा त्याच्या हयातीत हिशेबात धरीत नाहीत. ते धरतात तो मेल्यावर. 1993 च्या कायद्याने प्रत्येक राज्यावर सक्ती केली की, पंचावन्न वर्षांवरील माणसावर शुश्रूषेपायी जो खर्च झाला तो त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीतून मागावा.

ह्या कायद्यात दया नाही असे नव्हे. नवरा किंवा बायको मागे राहिली असेल तर ती जिवंत असेपर्यंत वसुली थांबते. एकवीस वर्षांखालील मूल, किंवा आंधळे वा अपंग मूल असेल तरीही थांबते. वारसाने स्वतःच्या खिशातून काही द्यावयाचे नाही. इस्टेट जेवढी, देणे तेवढेच. फारच हालाची स्थिती असेल तर माफीचा अर्ज करता येतो. कागदावर हे सारे ठीक दिसते.

प्रत्यक्षात काय होते? जो श्रीमंत आहे तो वेळीच चांगला वकील गाठतो, घर ट्रस्टमध्ये टाकतो, आणि मरताना त्याच्या नावावर काही नसते. ज्याच्याजवळ मुळीच काही नाही त्याच्याकडून काय घेणार? जाळ्यात सापडतो तो मधला. गिरणीत नाही तर कारखान्यात तीस वर्षे काम करून ज्याने हप्त्यांनी दोन खोल्यांचे घर केले, तो. आणि एवढे करून तिजोरीत काय पडते? 2019 साली साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे 73 कोटी डॉलर वसूल झाले. आकडा मोठा वाटतो. पण दीर्घकाळच्या शुश्रूषेवरील खर्चाशी ताडून पाहिला तर शंभरामागे एक डॉलरही भरत नाही. त्यांच्याच संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने 2021 साली सुचविले की, ही वसुली राज्यांवर सक्तीची असू नये. त्या आयोगापुढे आणखी एक गोष्ट आली. कित्येक राज्यांत सरकार शुश्रूषेची मक्ता-रक्कम माणशी दरमहा एका कंपनीला देते. मग मागणी येते ती त्या मक्त्याची. म्हाताऱ्याला प्रत्यक्षात तेवढी सेवा मिळाली की नाही, ह्याच्याशी तिचा संबंध नसतो. आमच्याकडे ठेकेदाराने हजेरीपटावर न आलेल्या मजुरांची नावे चढविली तर आम्ही त्याला एक विशिष्ट शब्द वापरतो. तो येथे वापरीत नाही.

माझ्या मते ह्या वसुलीचे खरे नुकसान पैशाचे नाहीच. ते भीतीचे आहे. ‘सरकारची मदत घेतलीस तर घर जाईल’ एवढे एक वाक्य गल्लीत पसरले, की म्हातारी माणसे दारापर्यंत येत नाहीत. जखमा कुजतात, सून खचते, पण अर्ज होत नाही. विडी कामगारांची नावे नोंदविताना मी ही भीती पाहिली आहे. ओळखपत्राने काही जाणार नाही, उलट मिळेल, हे पटविण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या. कागदावर अंगठा उठविला म्हणजे काहीतरी जाते, हा गरिबाचा पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही.

युरोपात हाच प्रश्न थोड्या निराळ्या हातांनी हाताळला गेला. आयर्लंडने 2009 साली योजना आणली. तीत शुश्रूषागृहात राहणाऱ्याच्या घराच्या किमतीपैकी वर्षाला साडेसात टक्के, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षे, असा हिस्सा ठरलेला आहे. तो मेल्यावर दिला तरी चालतो. म्हणजे दहा वर्षे राहिला तरी साडेबावीस टक्क्यांपलीकडे घर जात नाही. मर्यादा आधीच ठाऊक असली की माणूस रात्री झोपू शकतो. इंग्लंडात नगरपालिका घरावर बोजा चढवून खर्च पुढे ढकलते आणि मागाहून घेते. शेजारच्या स्कॉटलंडात 2002 पासून पासष्टीवरील माणसाची अंगची शुश्रूषा फुकट आहे.

जर्मनीचे एक कलम मात्र मला फार आवडले. तेथे सरकार शेवटच्या दहा वर्षांतील साहाय्याचा खर्च वारसांकडून मागू शकते, इस्टेटीच्या मर्यादेत, आणि मृत्यूनंतर तीन वर्षांत हा हक्क संपतो. परंतु जो नातलग मृताबरोबर एकाच घरात शेवटपर्यंत राहिला आणि ज्याने त्याची शुश्रूषा केली, त्याच्यासाठी 15,340 युरोपर्यंतची इस्टेट सोडून दिली आहे. रक्कम फार मोठी नाही. पण कायद्याने प्रथम हे तर ओळखले, की ज्या हाताने घाण काढली त्या हाताचेही काही येणे आहे!

आपल्याकडे ते ओळखले गेले आहे काय? मुलगा जिवंत असेल तर सून सासऱ्याची वारस नव्हे. तिने दहा वर्षे केले तरी नव्हे. पण आपल्याही कायद्यात एक बीज आहे, फारसे कोणी न पाहिलेले. 1925 चा भारतीय वारसा कायदा मृताच्या इस्टेटीची व्यवस्था पाहणाऱ्याला देण्यांचा क्रम घालून देतो. सगळ्या कर्जांच्या आधी अंत्यविधीचा माफक खर्च आणि मृत्युशय्येचा खर्च, त्यात वैद्याची फी आणि अखेरच्या एका महिन्याचे खाणे-राहणे, हे फेडावे. नंतर न्यायालयीन खर्च. आणि त्यानंतर मजूर, कारागीर किंवा घरगडी ह्यांनी अखेरच्या तीन महिन्यांत मृतासाठी केलेल्या कामाची मजुरी. बाकीचे सावकार त्यामागून. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला एवढे कळले होते की, मोलकरणीचा रोज सावकाराच्या व्याजाआधी आहे.

त्याच पठडीतले आणखी एकदोन नियम कामगाराने पाठ करून ठेवावेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाप्रमाणे शेतकरी, मजूर किंवा घरगडी ह्यांचे ते राहत असलेले स्वतःचे घर हुकूमनाम्यात जप्त होत नाही, आणि कारागिराची हत्यारेही होत नाहीत. विणकराचा माग त्यात आला. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या 10 व्या कलमाने तर असे ठरविले की, सभासद मेल्यावर निधीची रक्कम नामनिर्देशित माणसाकडे जाते ती मृताच्या साऱ्या देण्यांतून मोकळी होऊन. म्हणजे कामगाराच्या घामाचे काही तरी मरणानंतरही सावकाराच्या हातापासून दूर ठेवावे, हा विचार आपल्या कायद्याला परका नाही.

आता तो उलट बाजूने येणारा कायदा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा. सरकारने खर्च करावा आणि मेल्यावर वारसांकडून घ्यावा, हा अमेरिकेचा क्रम. आपल्या कायद्याने म्हटले: सरकारने मध्ये येऊच नये, ज्यांना मागाहून मिळणार त्यांनी आधीच द्यावे. मुलगा, मुलगी, नातू, नात ह्यांच्यावर ही जबाबदारी आहे. विवाहित मुलीवरही ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच, जुन्या फौजदारी संहितेखालच्या महाराष्ट्रातील एका दाव्यात सांगून ठेवले होते. आणि ज्याला मूलबाळ नाही त्याचा जो वारस असेल, म्हणजे ज्याच्या ताब्यात त्याची इस्टेट आहे किंवा पुढे येणार आहे, तो ऐपतदार असल्यास त्यानेही पोसले पाहिजे. वारस अनेक असतील तर ज्याचा जेवढा वाटा, त्या प्रमाणात. निर्वाहाची कमाल रक्कम महिना 10,000. याज्ञवल्क्याचा नियम येथे नव्या कपड्यांत आला आहे, आणि पुतण्याला तो अचूक लागू पडतो.

परंतु ज्या घरात देणाराच अर्धपोटी आहे तेथे हा कायदा काय करील? पवनीत चार भाऊ रोजीने विटा वाहतात. त्यांच्यात आईचे दहा हजार कसे वाटावयाचे? ह्याच कायद्याच्या 19 व्या कलमात राज्याने जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे निराधार वृद्धांचे आश्रयस्थान काढावे असे म्हटले आहे. म्हटले आहे, ‘काढू शकेल’ ह्या भाषेत. मुलांसाठी ‘केलेच पाहिजे’ आणि सरकारसाठी ‘करू शकेल’: शब्दांची ही निवड ज्याने केली त्याने वेतनकराराचे मसुदे पुष्कळ पाहिले असावेत.

सरकारने ही शुश्रूषा हाती घेतलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. केरळात 2008 च्या धोरणापासून ग्रामपंचायतीमार्फत परिचारिका अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. त्यासाठी कोणाच्या घरावर बोजा चढत नाही. आपल्याकडे ती वेळ येईल तेव्हा वसुलीचा प्रश्नही येईल, आणि तो मुंबईच्या कचेरीत ठरण्याआधी आपण बोललो असलो पाहिजे. माझे म्हणणे असे: मोठ्या इस्टेटीवर खुशाल हिस्सा लावा, पण तो आयर्लंडसारखा आधी मोजून सांगा. मजुराचे राहते घर आणि पोटापुरती बांधी सोडून द्या. मागे राहिलेली बायको किंवा अपंग मूल असेपर्यंत दारात तलाठी येऊ नये. आणि जिने शेवटपर्यंत केले, ती सून असो की लेक की बिननात्याची शेजारीण, तिचे येणे सरकारच्या येण्याआधी. ह्यापैकी शेवटच्या अटीवर मी तडजोड करणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण ह्या भागात तिची गरज वाढली आहे. गोसीखुर्दच्या धरणात ज्यांची घरे-शेते गेली अशा पुष्कळ वृद्धांच्या हाती मोबदला आला. आणि जेथे पैसा किंवा जागा असते तेथे ‘माझ्या नावावर करून द्या, मी मरेपर्यंत पाहतो’ असे म्हणणाराही असतो. हेही वसुलीच आहे, फक्त शुश्रूषेच्या आधीची. बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातच लिहून घ्यावे की, घेणाऱ्याने देणाऱ्याला अन्न, वस्त्र, औषध आणि शुश्रूषा मरेपर्यंत पुरवावयाची, ह्या अटीवर हे दिले आहे. 2007 च्या कायद्याच्या 23 व्या कलमाखाली, अट मोडली तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्द करू शकते. अटच नसेल तर पंचाईत होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ह्याच कारणावरून एका आईच्या विरुद्ध निकाल दिला. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावून बक्षीसपत्र रद्द केले खरे, पण तेथेही मुलाने सांभाळण्याचे लेखी वचन दिले होते. तेव्हा तोंडी शब्दावर राहू नये. हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याचेच. वकील लावलाच पाहिजे असे नाही. निर्वाहाचा अर्ज नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकालात काढावयाचा असतो. सोबत सातबाराची किंवा घराच्या नमुना आठची नक्कल, बक्षीसपत्राची नक्कल आणि वयाचा दाखला न्यावा. आणि म्हाताऱ्याला उठवत नसेल तर त्याने अधिकार दिलेला दुसरा माणूस किंवा नोंदलेली संस्थाही त्याच्या वतीने अर्ज देऊ शकते.